झाडाला बी हवं, आपल्याला भाजी

मैत्रिणींनो, गटाच्या मासिक सभेत हप्ते जमा झाले, व्याजाचा हिशेब लागला, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की चहा येईपर्यंत एक दुसरीच सभा भरते. एकीच्या डांगराला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही. दुसरीची पपई दोन वर्षांची झाली तरी रिकामीच. तिसरीने दोनदा धने टाकले, उगवलं काहीच नाही. हे प्रश्न इतिवृत्तात येत नाहीत, पण पैसा मात्र खातात. फूल गळतंय म्हणून दुकानात गेलं की टॉनिकची एक बाटली हातात पडते आणि परसबागेतल्या दोन वेलांपायी त्या आठवड्याची बचत निघून जाते. बाटलीने फळ धरतंच असंही नाही. कारण बऱ्याचदा वेलाला खताचं, औषधाचं काही कमी पडलेलंच नसतं.

आता पाऊस तोंडावर आलाय, वेलांच्या बिया टोकायची वेळ आलीय, म्हणून हे प्रश्न या अंकात घेतलेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. झाड आपल्यासाठी फळ धरत नाही. त्याला बी करायचं असतं. आपल्याला हवी असते भाजी. या दोन गरजा कधी जुळतात, कधी एकमेकींच्या आड येतात. झाड या घडीला बी करायच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखता आलं, की काय करायचं ते आपोआप सुचतं.

डांगराला फुलं भरपूर, फळ एकही नाही. असं का?

उद्या सकाळी वेलाजवळ जा आणि फुलाच्या मागे बघा. काही फुलं लांब, बारीक दांडीवर सरळ उभी असतात. त्यांच्या मागे काही नसतं. हे नर फूल. काही फुलांच्या मागे, दांडीला लागूनच, लिंबाएवढं छोटं डांगर असतं. हे मादी फूल. ते छोटं डांगर म्हणजे धरलेलं फळ नव्हे, ती नुसती तयारी आहे. नर फुलातली पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर पडली तरच ते पुढे फुगतं. नाही पडली, तर तीन-चार दिवसांत पिवळं होऊन गळतं.

वेलावर सुरुवातीला नर फुलंच येतात. आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येऊन गळत राहिली तर घाबरायचं कारण नाही. ती गळणारच, त्यांचं काम तेवढंच. मादी फुलं त्यांच्या मागून येतात. बाटली आणायची घाई होते ती नेमकी याच आठ-दहा दिवसांत. आपण औषध मारतो, तेवढ्यात मादी फुलं यायची वेळच झालेली असते, फळ धरतं, आणि श्रेय बाटलीला जातं!

मादी फुलं येऊनही छोटी फळं पिवळी पडत असतील, तर मग परागाची अडचण आहे. डांगराचा पराग जड आणि चिकट असतो. वाऱ्याने तो उडत नाही. तो न्यायला मधमाशीच लागते. सतत झड लागली की माशा बाहेर पडत नाहीत. शेजारच्या टोमॅटोवर सकाळी फवारणी झाली की माशा मरतात. अशा वेळी तिचं काम आपण करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच सगळीकडून फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. खर्च शून्य, वेळ मिनिटभर. आणि उरलेल्या नर फुलांची भजी करा, वेलाचं त्यात काही नुकसान नाही.

मात्र फिरवायचं सगळीकडून. आत जितक्या बिया धरायच्या, तितके परागाचे कण लागतात, एका बीला एक. ज्या बाजूला बी धरतं ती बाजू फुगते आणि जिथे धरत नाही तिथे फळ बारीक राहतं. काकडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला चिमटलेली, किंवा कोयत्यासारखी वाकडी का होते, याचं एक मोठं कारण हेच. पाण्याची ओढ बसली तरी ती वाकडी होते, पण पाणी नीट असूनही बऱ्याच काकड्या तशाच निघत असतील तर संशय परागावर घ्या.

वेळ चुकली तर सगळं वाया

आपल्याकडच्या वेलांच्या फुलांच्या वेळा सारख्या नाहीत. डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढायच्या आत मिटायला लागतं. भाकरी उरकून, पोरांना शाळेत धाडून दहा वाजता गेलात तर उशीर झालेला असतो. कारलं, काकडी आणि गिलकं हीसुद्धा सकाळची. दुधी मात्र संध्याकाळी फुलतो, पांढरं फूल रात्रभर उघडं असतं आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. दोडकाही संध्याकाळचा. गिलकं आणि दोडका नात्याने इतके जवळचे, पण एक सकाळी फुलतं, दुसरं दिवस मावळताना. म्हणून दुधी-दोडक्याला हाताने पराग लावायचा तर दिवेलागणीच्या सुमाराला जायचं. आणि कुठल्याही वेलावर फूल उघडं असताना फवारायचं नाही, मग ते औषध घरी केलेलं का असेना.

दुधीची आणखी एक खोड आहे. मुख्य वेलावर नर फुलं जास्त येतात, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडायची पद्धत आहे ती बाजूच्या फांद्या फुटाव्यात म्हणून. युरियाचा हात सैल सोडला तर वेल नुसता पानांनी माजतो आणि कडक उन्हातही नर फुलांचंच प्रमाण वाढतं. उन्हाळ्यात वेल हिरवागार असूनही फळ कमी का, त्याचं उत्तर इथे आहे.

गळलेलं फळ टाकून द्यायच्या आधी एकदा चिरून बघा. आत स्वच्छ असेल तर पराग मिळाला नाही, किंवा वेलाने जास्त झालेलं ओझं टाकलं. आत अळ्या असतील तर ती फळमाशी. तिच्यावर पराग लावून उपयोग नाही आणि टॉनिकचाही नाही. किडकी फळं वेचून खोल पुरायची, उकिरड्यावर नाही टाकायची, आणि वेलवर्गाचे कामगंध सापळे लावायचे. दोन्ही दुखणी बाहेरून सारखीच दिसतात म्हणून चिरून बघणं महत्त्वाचं.

दुधी कडू लागला तर शेजारी कारलं होतं म्हणून, असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. दुधी आणि कारल्याचा संकर होत नाही. कडूपणा दुधीच्या स्वतःच्या रसातला असतो. तो शिजवूनही जात नाही आणि त्याने माणूस खरोखर आजारी पडतो. रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेका. इथे काटकसर करू नका.

पपईत आणि कर्टुल्यात झाडंच वेगळी

डांगरात नर आणि मादी फुलं एकाच वेलावर तरी असतात. पपईच्या गावठी वाणात झाडच नर किंवा मादी असतं. लांब लोंबणाऱ्या देठांवर बारीक फुलांचे घोस आले की ते नर झाड. खोडाला चिकटून एकेकटं मोठं फूल आलं की मादी. फळ न देणाऱ्या पपईला गावात ‘वांझ’ म्हणतात आणि तिच्या खोडात खिळा ठोकतात. ती वांझ नसते हो, तो नर असतो! नराला फळ येत नाही याचा बोलसुद्धा बाईच्या नावाने लागतो, हे एक आपलं जाता जाता. खिळ्याने काही होत नाही, झाडाला जखम तेवढी होते.

रोपावरून नर-मादी ओळखता येत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि पाच-सहा महिन्यांनी फुलं दिसली की एक ठेवून बाकीची काढायची. दहा मादी झाडांमागे एक नर पुरतो. बाजारात मिळणाऱ्या तैवान ७८६ सारख्या वाणात नर झाडं नसतात, तिथे ही भानगड नाही, पण बी महाग पडतं.

कर्टुल्याचंही पपईसारखंच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या मैत्रिणी पावसाळ्यात रानातून कर्टुली वेचून आणतात आणि त्यांना शहरात चांगला भाव मिळतो. बऱ्याच जणींना वाटतं की वेल बांधावरच लावावा. लावा, पण कंद खणायच्या आधी फुलांच्या दिवसांत रानात जाऊन वेलावर खूण करून या. ज्या फुलामागे बारीक काटेरी फळ दिसतं तो मादी वेल. खूण न करता खणलेले सगळे कंद नर निघाले तर वर्ष गेलं. आणि सगळे मादीच आणले तरी फळ नाही! आठ-दहा मादी वेलांना एक नर हवाच. रानातला सगळा कंद उपसू नका, पुढच्या वर्षी वेचायलाही काही राहिलं पाहिजे.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, वाल, चवळी यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात, त्यामुळे ती सोपी. टोमॅटोची फुलं चैत्र-वैशाखात गळतात ती उष्णतेने. पारा ३५ अंशांच्या वर राहिला की फूल टिकत नाही. सावली आणि पाणी, दुसरा इलाज नाही. वांग्याच्या फुलात मधला दांडा पिवळ्या नळ्यांच्या बाहेर डोकावत असेल तर फळ धरेल. आत दडलेला असेल तर ते फूल गळणारच, त्याचं दुःख करू नका.

रोज तोडायला हवं का?

हवं. आता ती बीची गोष्ट इथे कामाला येते. भेंडीचं फूल एक दिवसाचं. फुलानंतर चार-पाच दिवसांत भेंडी तोडायला येते. लग्नाला गावी गेलात आणि आठ दिवस तोडणी राहिली तर भेंड्या जून होतात, हे नुकसान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं. आत बी पिकायला लागलं की झाड आपली सगळी ताकद तिकडे वळवतं. नवी फुलं कमी होतात. झाडाच्या हिशेबाने काम झालेलं असतं. गवार, चवळी, काकडी, गिलकं, सगळ्यांचं हेच. जून झालेली भेंडी कुणी विकत घेणार नाही म्हणून झाडावर ठेवून देणं महागात पडतं. तोडा आणि गुरांना घाला, पण झाडावर ठेवू नका. बी धरायचं असेल तर त्यासाठी दोन झाडं वेगळी राखा आणि त्यांच्यावरची भाजी मुळीच तोडू नका.

तुळशीची मंजिरी खुडायला आजी सांगायची, त्यामागेही हेच कारण. मंजिरीत बी पिकलं की तुळस वाळायच्या मार्गाला लागते. खुडत राहिलं की पानं फुटत राहतात.

बी नसलेलं फळ फुगतं कसं? द्राक्षाची गोष्ट

निफाड आणि दिंडोरीच्या बागांमध्ये आपल्या कितीतरी मैत्रिणी विरळणीला आणि डिपिंगला जातात. हातात मगासारखं भांडं घेऊन एकेक घड पाण्यात बुडवायचा. त्या पाण्यात ‘जीए’ असतं एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण घड बुडवायचा कशाला?

वर आपण पाहिलं की फळ फुगतं ते आतल्या बियांमुळे. बी वाढताना एक द्रव्य तयार करतं, त्याने फळाचा गर वाढतो. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते, पण लवकरच ते जिरून जातं. बी नाही, म्हणून ते द्रव्य कमी, म्हणून मणी बारीक. गिऱ्हाइकाला मात्र बी नको आणि मणी मोठा हवा. मग बीने जे द्यायचं ते आपण बाहेरून देतो. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. भाताची रोपं काही शेतांत वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडायची, त्याचा शोध घेताना कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला १९२६ मध्ये कळलं की भातावरची एक बुरशी असं काहीतरी सोडते ज्याने रोप ताणलं जातं. तेच द्रव्य झाडं स्वतःही बनवतात, हे पुढे समजलं. भाताच्या रोगातून निघालेली वस्तू आज आपण नाशिकच्या बागेत मगात घेऊन फिरतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीच्या डोळ्यांवर जे औषध लावतात, ते वेगळं आहे. त्याला पेस्टिंग म्हणतात आणि त्या औषधाचं नाव हायड्रोजन सायनामाइड. ते विषारी आहे. कातडी भाजते, डोळ्यांत गेलं तर इजा होते. त्याला जीए समजून उघड्या हाताने बोळा बुडवू नका. रबरी हातमोजे आणि चष्मा मालकाकडून मागून घ्या. टोळीत दहा जणी असाल तर दहाही जणींनी मिळून मागा, एकटीने मागितलं की ‘तुलाच फार नाजूकपणा’ असं ऐकावं लागतं. आणि घरातलं कुणी पुरुष माणूस हे काम करत असेल तर त्याला आवर्जून सांगा, त्या दिवसांत दारू प्यायली तर हे औषध अंगात भयंकर उलटतं, जीवावर बेतू शकतं.

कांद्याला डोंगळा का येतो?

इथे आपली आणि झाडाची गरज अगदी उलट आहे. कांदा हे मूळ नव्हे. उभा चिरून बघा, एकावर एक बसलेले पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. कांद्याने ती शिदोरी बांधलेली असते ती पुढच्या हंगामात फुलून बी करण्यासाठी. आपण मधेच ती काढून खातो. पण कधी कधी कांद्याला वाटतं की हंगाम उलटला, आणि तो शेतातच मधून दांडा काढतो, टोकाला फुलांचा गोंडा येतो. हाच डोंगळा, काही गावांत डेंगळा म्हणतात. शिदोरी दांड्यात खर्च होते आणि कांदा पोकळ राहतो.

हंगाम उलटला असं त्याला थंडी सांगते. पण अगदी कोवळ्या रोपाला थंडी लागली तर ते दाद देत नाही. रोप जाड, मोठं झालेलं असताना लांब थंडी लागली की डोंगळे येतात. म्हणून रांगड्या कांद्यात डोंगळे जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागण होते, रोप वाढतं आणि ऐन थंडीत सापडतं. उळे फार लवकर टाकलं किंवा मजूर मिळेनात म्हणून रोपं वाफ्यात जून झाली, तरी तेच. लागणीच्या वेळी पेन्सिलीसारखी जाड झालेली रोपं बाजूला काढा.

डोंगळा मोडून कांदा पुन्हा पोसत नाही. मधला कडक दांडा तसाच राहतो आणि तिथून कांदा सडतो. म्हणून चाळीत भरताना डोंगळ्याचे कांदे वेगळे काढा, आधी विका किंवा घरी खा. एक डोंगळ्याचा कांदा सडला की शेजारचे दहा घेऊन जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. अवेळी आलेल्या डोंगळ्याचं बी धरू नका. आयता गोंडा दिसतो, मोह होतो. पण जो कांदा घाई करून फुलला, त्याची लेकरंही घाई करणारी निघायची शक्यता जास्त. बियाण्यासाठी चाळीत चांगला टिकलेला, डोंगळा न आलेला, एका रंगाचा, बारीक मानेचा कांदा निवडून तो थंडीच्या सुरुवातीला लावायचा. कांद्याचं बी घरात ठेवलं तर जेमतेम वर्षभर उगवतं. मागच्याच्या मागच्या वर्षीचं उळे स्वस्तात मिळालं तर ते स्वस्त नसतं. विकत घ्यायचंच असेल तर आपल्या जिल्ह्यात चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

इंदिरानगरची गिऱ्हाइकं काय विचारतात

इंदिरानगरला वडाळा-पाथर्डी रस्त्याकडे भाजी घेऊन बसणाऱ्या मैत्रिणींना आता गिऱ्हाइकं भावाच्या जोडीने वेगळंच विचारतात. “मावशी, माझ्या कुंडीत कोथिंबीर का उगवत नाही?” तिथे गच्चीवर आणि बाल्कनीत कुंड्या असतात. उत्तर देता आलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, म्हणून ही उत्तरं पाठ करून ठेवा.

धन्याचा गोल दाणा म्हणजे एक बी नव्हे, दोन बियांची जोडी. अख्खा टाकला तर पाणी आत जायला वेळ लागतो. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे, अर्धा-पाऊण इंच खोल टाकायचे. मेथीसारखी तिसऱ्या दिवशी उगवेल अशी आशा धरायची नाही, आठ-दहा दिवस लागतात. बहुतेक जण पाचव्या दिवशी कुंडी उकरून बघतात, तिथेच घोळ होतो. उन्हाळ्यात कोथिंबीर पटकन फुलावर जाते, कारण ऊन वाढलं की तिलाही बी करायची घाई होते. म्हणून त्या दिवसांत सावलीला ठेवायला सांगा.

चौथ्या मजल्यावरच्या टोमॅटोला फुलं येऊन फळ धरत नसेल तर तिथे वारा आणि माशी दोन्ही कमी आहेत. सकाळी फुलाच्या देठावर बोटाने टिचकी मारायची, पराग आतल्या आत पडतो. आणि गच्चीवरच्या डांगराला काय करायचं ते तर तुम्हाला आता माहीतच आहे.

एखाद्या गटाला यात धंदाही दिसेल. रगडलेले धने, मेथी, पालक यांच्या लहान पुड्या आणि वांगी-मिरची-टोमॅटोची रोपं भाजीच्या पाटीशेजारी ठेवून बघा. २००१ च्या पिकांचे वाण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त कंपनीच्या संरक्षित वाणाचं बी त्या नावाचं लेबल लावून विकता येत नाही.

पाकिटातल्या फळाचं बी ठेवावं का?

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असं छापलेलं असेल तर नको. ते बी वाईट नसतं, वांझही नसतं. दोन वेगळ्या वाणांचे आई-बाप घेऊन ते तयार करतात, पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते. पण तिच्या पोटच्या बियांत आजी-आजोबांचे गुण वेडेवाकडे वाटले जातात. एक फळ लांब, एक आखूड, एकाला चव नाही. बाजारात विकायला एकसारखा माल लागतो, तिथे संकरित घ्या, हरकत नाही. परसबागेला मात्र सरळ वाण किंवा गावठी बी बरं. तिथे फळ थोडं लहान आलं तरी चालतं, दरवर्षीचा बियाण्याचा खर्च तर वाचतो. डोंगरापलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं राखण्यासाठीच. त्यांचं कामही बचत गटाच्या बायकांना बरोबर घेऊनच वाढलं.

वाल, चवळी, हुलगा, टोमॅटो यांचं बी राखणं सोपं, कारण ते आपल्याच फुलात बहुतेक काम उरकतात. वेलवर्गात मात्र माशी कुठला पराग आणेल सांगता येत नाही. शेजारच्या वावरात संकरित डांगर असेल तर तुमच्या गावठी डांगराच्या बियांत त्याचं मिश्रण होतं. या वर्षीच्या फळात ते दिसत नाही, पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसतं.

राखलेलं असो की विकतचं, पेरायच्या आधी बी तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून मोजा, कांद्याला आणि धन्याला थोडे दिवस जास्त द्या. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीसारखं पेरा. ५०-६० असतील तर बी वाढवून टाका. त्याच्या खाली असेल तर ते पेरून नांगरणी, पाणी आणि कष्ट वाया घालवू नका.

गावठी डांगराचं शुद्ध बी हवं असेल तर मघाचीच युक्ती एका दोऱ्याने पुरी होते. उद्या उमलेल अशी पिवळी पडलेली मादी कळी आणि एक-दोन नर कळ्या आज संध्याकाळीच दोऱ्याने हलके बांधून टाका, म्हणजे पहाटे माशीला आत शिरता येणार नाही. उजाडताच दोरा सोडा, नराचा पराग मादीला लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. नर फूल शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरचं घ्या. असं दोन-तीन वेलांवर करा. फळ वेलावरच देठ वाळेपर्यंत राहू द्या, मग उतरवून आणखी दोन-तीन आठवडे घरात ठेवा. बिया धुवून सावलीत वाळवा, राखेत घोळा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. बरणीवर वर्ष लिहा. बी धरलेल्या फळाच्या देठाला लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पितृपक्षात सासूबाई नेमकं तेच डांगर चिरतील.